सोयाबीन पन्नास पावलांवर

प्लम ग्रोव्ह, नेब्रास्का
१९ ऑगस्ट १९८४

आर्विड,

बुधवारी मी ओमाहाला आले तेव्हा तू गुंगीत होतास. आता शुद्धीवर आहेस, बोलतोस, आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करायला नकार देतोस, असं डॉक्टरांनी लिहून कळवलं आहे. फोन करून तुला रागावता आलं असतं, पण तुझं उत्तर ऐकू आलं नसतं. कान गेल्यापासून घरातला फोन मी फक्त पुसून ठेवते. म्हणून हे पत्र. उत्तर दे.

आधी वाईट ते सांगते. गुरुवारी मिलोचा अंत्यविधी झाला. चर्च भरून लोक बाहेर गवतावर उभे होते. मी मागच्या बाकावर बसले. निघताना नवऱ्याच्या पेटीमागून चाललेल्या ब्लांशपुढे हात केला, तर तिने पर्स या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे गेली. आपल्या आणि ह्रूबींच्या शेतांमधलं जे फाटक मिलोने स्वतः बसवलं होतं, त्याला आता साखळी आहे.

तुझं विमान, म्हणजे जे उरलं ते, शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. सरकारी तपासनीस येऊन गेला. इंजिन हाताने फिरतं, टाकीत पेट्रोल आहे, बाकी पायलटचा जबाब आल्यावर बघू, असं त्याने माझ्या पाटीवर लिहिलं. तासाभरात गेला. बुटांना चिखलही लागू दिला नाही.

डॉक्टर म्हणतात, मणका वेडावाकडा जुळायच्या आत त्यात सळ्या घालायला हव्यात. एकवीस सप्टेंबर ही शेवटची तारीख. त्यानंतर उभं राहणं सोड, तुला नीट बसताही येणार नाही. यात विचार करण्यासारखं काय आहे ते मला समजलं नाही.

आई गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तेव्हापासून कडू औषध तुला मीच पाजलं आहे. सही कर.

गाई ठीक आहेत.

सिग्ने


ओमाहा
२३ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

हे पत्र मिसेस टूटल म्हणून एक बाई माझ्यासाठी लिहून घेताहेत. मला एका चौकटीत पट्ट्यांनी बांधलंय आणि दर दोन तासांनी पॅनकेकसारखं उलटतात. उताणा असलो की छत दिसतं, पालथा असलो की फरशी आणि नर्सांचे बूट. बुटांवरून मी आता सगळ्या नर्सा ओळखतो. तुझ्यासारखी चालणारी एक आहे. ती आली की सगळा वॉर्ड गप्प होतो.

काय झालं ते ऐक. पहिले चाळीस तास एकट्याने उडायचं, तोवर शेजारी कुणाला बसवायचं नाही, हा नियम मी पाळला. मिलो सगळा उन्हाळा कुंपणावर बसून माझे तास मोजत होता. ‘किती झाले रे? बत्तीस? अरे, मी म्हातारा होईन तोवर!’ शनिवारी चाळीस भरले. रविवारी तो चर्चमधून टायसकट थेट शेडवर आला.

वर गेलो. साडेतीनशे फुटांवर इंजिन एकदा खोकलं. मग दोन सेकंद नीट चाललं. मग बंद. पंखा समोर काठीसारखा उभा, आणि नुसता वारा. त्या उंचीवरून मागे वळायचं नसतं, वळणारे मरतात, हे मला माहीत होतं. समोर रस्ता, पण त्यावर तारा. डावीकडे मका. उजवीकडे थोडा मका आणि त्याच्या पलीकडे ह्रूबींचं सोयाबीन, गुडघ्याएवढं. त्यात पोट टेकवून बसता येतं. मी उजवीकडे घेतलं. पन्नास पावलं कमी पडलो. ऑगस्टातला मका वरून गालिच्यासारखा दिसतो, पण नऊ फूट उंचीवर त्याचे तुरे चाकांना धरतात आणि विमान पालथं घालतात.

पुढचं मिसेस टूटलना सांगायचं नाही.

आता कामाचं. इंजिन का बंद पडलं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. दोनच कारणं असू शकतात. एक, पेट्रोल इंजिनापर्यंत पोचलं नाही. दुसरं, दमट हवेत भर उन्हाळ्यातही कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो, तसा धरला आणि तो वितळवणारी गरम हवेची मूठ मी ओढली नाही. ओढली का? रोज ओढायचो. त्या दिवशी मिलो बडबडत होता, मी हसत होतो. मला आठवत नाही, सिग्ने. चौदा तास जागा असतो आणि चौदा तास हात त्या मुठीकडे नेऊन बघतो. आठवत नाही.

सीटच्या मागे, टाकीच्या खाली, अंगठ्याएवढा काचेचा फिल्टर आहे. तो त्या बूटवाल्याने उघडला नसणार. तू उघड. आत घाण असेल तर दोष पेट्रोलचा. स्वच्छ असेल तर माझ्या हाताचा, आणि मग पाठ सरळ करून मी चालत कुठे जाऊ? ब्लांशच्या दारावरून?

जे दिसेल ते लिही. या जगात मी एकाच माणसाचं म्हणणं तपासून न बघता खरं मानतो.

आर्विड


[वरच्या कोपऱ्यात लाल पेनने: पाठवलं नाही.]

प्लम ग्रोव्ह
२७ ऑगस्ट

आर्विड,

फिल्टर उघडला. काकवीसारखं काहीतरी तपकिरी त्यात गच्च भरलं आहे. बोटाला लागलं की तार धरतं. मग टाकीत हात घातला. आतली भिंत ओल्या साबणासारखी नखाने निघते. गेल्या हिवाळ्यात तू फायबरग्लासचे थर चढवून ती टाकी केलीस तेव्हा ती दगडासारखी होती. घरभर वास आला म्हणून मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

शेडमधल्या शेल्फवरची तुझी जॅमची रिकामी बरणी घेतली. तिच्यात दोन बोटं पाणी घातलं, काचेवर पेन्सिलीने रेघ ओढली, वर टाकीतलं पेट्रोल ओतलं, झाकण लावून हलवलं आणि ठेवलं. पाणी रेघेच्या वर आलं होतं. पेट्रोलात दारू, म्हणजे अल्कोहोल, मिसळलेली असली की ती पाण्यात उतरते आणि पाणी वाढल्यासारखं दिसतं. हीच दारू फायबरग्लासची राळ विरघळवते. मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. हा प्रश्न मी परीक्षेत घातलेला आहे.

दारू कुठून आली ते शोधावं लागलं नाही. चार जुलैला शेतकरी सोसायटीने नवा पंप सुरू केला. आपल्याच मक्याची दारू काढून दहा टक्के मिसळलेलं पेट्रोल. बँड होता. पहिलं गिऱ्हाईक मी होते. पेपरात फोटो आला होता, माझ्या हातात नळी आणि छातीवर कणसाचा बिल्ला. आपला मका सोडून बाहेरच्या देशातलं तेल कशाला जाळायचं, असं सोसायटीच्या सभेत उठून मीच म्हणाले होते. पंपावर हातभर अक्षरांत लिहिलेलं आहे की यात दारू आहे. तू फक्त ‘पेट्रोल आण’ म्हणायचास. त्या दिवसापासून दर शनिवारी तुझे पाचही डबे मी त्या पंपावर भरले. अभिमानाने भरले.

मिलोला मी मारलं.

हे वाक्य लिहून बघितलं. पुन्हा वाचून बघितलं. कुठे खोडण्यासारखं नाही.

तुझी पाठ मी मोडली. तुला माझ्याशिवाय कुणी नाही आणि हे वाचल्यावर मीही


प्लम ग्रोव्ह
२८ ऑगस्ट

आर्विड,

तू सांगितलंस तसा फिल्टर उघडला. स्वच्छ आहे.

मूठ ओढलीस की नाही याला आता अर्थ नाही. यंत्रं बंद पडतात. माणसाच्या हातात सगळं नसतं. ऑपरेशनला तीन आठवडे राहिले आहेत. सही कर आणि घरी ये.

सिग्ने


ओमाहा
१ सप्टेंबर

सिग्ने,

हे मी स्वतः लिहितोय. पालथा असताना फरशीवर कागद ठेवून, हात खाली सोडून. अक्षर लागत नसेल तर तसंच असू दे.

तर ते माझ्या हातून झालं. बरं झालं कळलं.

तपासनिसाला जबाब लिहून दिला. गरम हवेची मूठ ओढली नाही, चूक पायलटची. आमच्या मासिकाच्या शेवटच्या पानासाठीही मजकूर लिहिलाय. तुला ठाऊक आहे, घरी विमान बांधणाऱ्या आम्हा लोकांची ती रीत आहे. पडलास तर का पडलास ते स्वतःच्या नावानिशी त्या पानावर लिहायचं, म्हणजे दुसरा वाचतो. मी वापरला त्याच नकाशावरून बांधलेली, हीच टाकी असलेली साठेक विमानं देशात आहेत. त्यांना वाचू दे. मंगळवारी मिसेस टूटल ते पोस्टात टाकतील.

सही करणार नाही. डॉक्टर चिडले, मग समजावायला लागले, मग धर्मगुरूला पाठवलं. तो चांगला माणूस आहे. मी त्याला विचारलं, ‘तुमच्या मित्राला तुम्ही कधी मारलंय का?’ तो खुर्ची घेऊन गेला.

मका कापून झाला की शेत ऑल्सनला कसायला दे. वासरू विक. माझी हत्यारं विकू नकोस, शाळेच्या वर्कशॉपला दे. मला घरी आणायचं असेल तर खालची खोली रिकामी कर, आणायचं नसेल तरी चालेल. इथली फरशी आता ओळखीची झालीये.

तुझ्यावर राग नाही. तू खरं ते सांगितलंस.

आर्विड


प्लम ग्रोव्ह
४ सप्टेंबर

आर्विड,

थांब. तो मजकूर पोस्टात गेला असला तर मासिकाला तार कर. मीही करते आहे.

मी खोटं लिहिलं. फिल्टर स्वच्छ नव्हता. सोबत सत्तावीस ऑगस्टचं पत्र आहे. ते त्याच दिवशी पाठवायला हवं होतं, मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. फिल्टरही पार्सलने पाठवते आहे. झाकण उघडून बोट लाव. माझ्या शब्दावर विसंबू नकोस.

मला वाटलं होतं, कारण नाहीच म्हटलं की तू नशिबाला दोष देशील आणि सही करशील. स्वतःला दोष देशील असं तू आधीच लिहिलं होतंस, ते मी खरं मानलं नाही. तुला मी वाढवलं, आणि एवढं मला कळलं नाही.

जे लिहायचं ते लिही. शिव्या लिही. पण लिही.

सिग्ने


प्लम ग्रोव्ह
८ सप्टेंबर

आर्विड,

पार्सल पोचल्याची पावती आली. तुझं उत्तर नाही.

तेरा दिवस राहिले. माझ्यावरचा राग तू तुझ्या पाठीवर काढू नकोस.

सिग्ने


प्लम ग्रोव्ह
१० सप्टेंबर

आज ऑल्सनबाईला आणून इस्पितळात फोन करायला लावला. तिने पाटीवर लिहिलं, ‘खात नाही. बोलत नाही. सही नाही.’

मी तीन वेळा पुसलं तरी ती अक्षरं पाटीवर दिसतात.

आर्विड, तू लहान असताना उत्तर द्यायला उशीर केलास की मी तुला कोपऱ्यात उभं करायची. आता मी उभी आहे. किती वेळ ते तू सांग.

सि.


ओमाहा
१२ सप्टेंबर

सिग्ने,

बोट लावून बघितलं. तार धरतं.

मला राग पेट्रोलचा नाही. पेट्रोल आणताना तुला माहीत नव्हतं. राग त्या एका वाक्याचा आहे, ‘स्वच्छ आहे’. त्या वाक्यावर मी पाच दिवस खुनी म्हणून या चौकटीत पडून होतो, आणि तू तिकडून ‘सही कर’ म्हणत होतीस. साठ माणसांना मी खोटं कारण सांगायला निघालो होतो. ते गरम हवेची मूठ ओढत बसले असते आणि टाकी आतून विरघळत राहिली असती. मजकूर गेला नाही. मिसेस टूटलना सर्दी झाली म्हणून वाचले बिचारे.

आता तू एक ऐक. तू ती बरणी शेल्फवरून घेतलीस ना? ती तिथे का होती हे तू विचारलं नाहीस.

विमानाच्या सूचनापुस्तकात ठळक अक्षरांत आहे, गावच्या पंपाचं पेट्रोल भरणार असाल तर प्रत्येक वेळी पाणी घालून हलवून बघा. जूनमध्ये मी दोनदा बघितलं. नंतर सोडून दिलं. डबे सिग्नेने आणलेत, त्यात बघायचं काय? त्या रविवारी मिलोच म्हणाला, ‘अरे, तुझी ती जादूची बरणी कुठाय?’ मी म्हणालो, ‘सिग्नेने आणलंय. सिग्ने चुकली तर सोमवार रविवारच्या आधी येईल.’ तो इतका हसला की त्याला पट्टा लावता येईना. मीच लावला.

तेव्हा मिलोला तू एकटीने मारलेलं नाहीस. एवढं मोठं श्रेय तुला एकटीला मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे. कुणाला सांगितली नाही, तपासनिसाला नाही, मिसेस टूटलना नाही. इंजिन बंद पडल्यावर मिलो एकदाच बोलला. ओरडला नाही. उजवीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘सोयाबीनमध्ये घाल, आर्वी. माझंच आहे. मी नाही ओरडणार.’

पन्नास पावलं, सिग्ने.

दोन कामं कर. शेवटच्या पानावर खरं कारण लिही, दोघांच्या नावाने. तुझं आधी, तू मोठी आहेस. आणि ब्लांशकडे जा. पत्र लिहू नकोस, जा. पेट्रोलचं सांग, बरणीचं सांग, आणि मिलो काय म्हणाला ते सांग.

सहीचं विचारू नकोस. मला माहीत नाही.

आर्विड


प्लम ग्रोव्ह
१६ सप्टेंबर

आर्विड,

मासिकाला मजकूर काल पाठवला. नक्कल सोबत आहे. पंपावरचा माझा फोटोही पाठवला आणि छापा असं बजावलं.

आज ब्लांशकडे गेले. फाटकाला साखळी होती म्हणून कुंपणावरून चढून गेले. स्कर्ट फाटला. ती दारात आली आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाली, “केक असेल तर परत ने. सतरा केक पडलेत घरात.”

“केक नाही. पेट्रोल आहे.”

ती बाजूला झाली. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या नळाचं पाणी घेऊन मी बरणीत सगळं करून दाखवलं. रेघ ओढली, हलवलं, ठेवलं. पाणी वर आलं. मग सगळं सांगितलं, पंप, टाकी, फिल्टर, तुला लिहिलेलं खोटं. तुझ्या बरणीचंही सांगितलं. ती माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलत होती. मला ओठ वाचावे लागतात हे ती इतक्या रागातही विसरली नाही.

“म्हणजे तू,” ती म्हणाली.

“मी.”

“आणि त्याने बघितलं नाही, कारण तू आणलं होतंस.”

“हो.”

“आमच्या रोझला तू रसायनात नापास केलंस. आठवतं?”

“आठवतं.”

“एका मार्काने, सिग्ने! एका मार्काने! वर मला बोलावून सांगितलंस की एक मार्क म्हणजे एक मार्क.”

मी बरणी तिच्याकडे सरकवली.

मग मिलो काय म्हणाला ते सांगितलं. तुझ्याच शब्दांत, एकही कमीजास्त नाही. ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून ते सोयाबीन दिसतं. पिवळं पडायला लागलंय. ती पाठमोरी बराच वेळ काहीतरी बोलत होती. मला खांदे हलताना दिसत होते. ओठ दिसत नव्हते. काय म्हणाली ते कळलं नाही, आणि पुन्हा सांग म्हणायची हिंमत झाली नाही.

वळली तेव्हा म्हणाली, “बरणी ठेव. तू जा.”

मी पुन्हा कुंपणावरूनच आले. साखळी आहे तशी आहे.

तुझी दोन्ही कामं केली. सहीचं विचारत नाही. पाच दिवस राहिले आहेत एवढं फक्त लिहिते.

सिग्ने


(मासिकाला पाठवलेल्या मजकुराची नक्कल)

शेवटच्या पानासाठी

बारा ऑगस्टला आमच्या विमानाचं इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडलं आणि मिलो ह्रूबी, वय एकावन्न, हे आमचे शेजारी गेले. कारण: दारू मिसळलेल्या पेट्रोलने फायबरग्लासची टाकी आतून विरघळली आणि फिल्टर बुजला. पेट्रोल मी आणलं. पंपावर लिहिलेलं मी वाचलं होतं. दारूने राळ विरघळते हे मी शिकवत आले. या दोन गोष्टी मी एकत्र ठेवून बघितल्या नाहीत. माझ्या भावाने ते पेट्रोल तपासलं नाही, कारण ते मी आणलं होतं.

बरणीत पाणी घ्या, रेघ ओढा, पेट्रोल ओता, हलवा. पाणी रेघेच्या वर आलं तर जमिनीवर राहा. पेट्रोल कुणीही आणलेलं असो.

सिग्ने एकब्लाड
आर्विड एकब्लाड


ओमाहा
१९ सप्टेंबर

सिग्ने,

काल दुपारी मी पालथा होतो. बूट आले. नर्सांचे नव्हते, शेतातले होते, शिवणीत माती. मग माझ्या तोंडाखाली फरशीवर कुणीतरी ती बरणी ठेवली.

ब्लांश म्हणाली, “तो खरंच तसं म्हणाला? नाही ओरडणार?”

मी म्हणालो, “हो.”

“तो नसेल ओरडणार. मी ओरडणार आहे. सिग्नेकडे पाठ फिरवून थोडं ओरडून घेतलं, पण तिला ऐकू येत नाही, त्यात काही मजा नाही. तुला ऐकू येतं. पण असा फरशीकडे बघत पडलेल्या माणसावर ओरडता येत नाही मला. तू उभा राहा. माझ्या दारात येऊन उभा राहा, मग बघते तुझ्याकडे.”

बूट गेले. बरणी राहिली.

सही केली. शुक्रवारी सकाळी सातला नेणार आहेत.

आर्विड